काळी लोकर, काळी शाई

दख्खनी मेंढीचं नाक जमलं की अर्धी मेंढी कागदावर आली असं समजावं. कपाळापासून नाकपुडीपर्यंत उतरणारी ती रेघ सरळ नसते. मध्ये फुगते, खाली येताना किंचित आत वळते आणि ओठापाशी तुटते. मेंढा असेल तर फुगवटा ठळक, मेंढी असेल तर मवाळ. सांगलीच्या जत भागातल्या माडग्याळ मेंढरांत तो इतका बाकदार असतो की बघताक्षणी पोपटाची चोच आठवावी. मग कान : लांब, चपटे, जबड्याच्या खाली लोंबणारे. तोंडावर लोकर नाही, पायांवर नाही, पोटाखालीही फारशी नाही. म्हणजे रेघेने काढायचा भाग कोणता आणि पोताने काढायचा कोणता, ही वाटणी जनावरानेच करून ठेवलेली आहे. चित्रकाराने फक्त ती मान्य करायची.

आमचं गाव माणदेशात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. पाऊस कमी, माळ जास्त. बाजरी-ज्वारीची जिरायती आणि घरची थोडी मेंढरं एवढा आमचा पसारा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे चाऱ्यापाण्याच्या मुलखाकडे निघतात, तेव्हाही आमची मेंढरं गावातच असतात. संख्येने ती थोडी, म्हणून बांधावरच्या पाल्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर निभून जातात. त्यांच्या ह्या राहण्याचा मला फायदा असा की तेच जनावर वर्षानुवर्षं समोर दिसतं. चंद्री कोकरू होती तेव्हाचं तिचं डोकं माझ्या वहीत आहे, पहिल्या वेताच्या वेळचं आहे आणि आता नातीशेजारी बसलेलीही आहे. एकाच नाकाची रेघ वयाबरोबर कशी जड होत जाते, हे त्या पानांवरून कळतं. कुठल्याही चित्रशाळेत इतका वेळ बसणारा नमुना मला मिळाला नसता.

ह्या मेंढरांचं मी दोन प्रकारे काम करते. एक म्हणजे वहीतली रेखाटनं, साध्या काळ्या बॉलपेनने. दुसरं म्हणजे त्यांच्याच लोकरीतून केलेली त्यांची डोकी, पाठी, बसलेली शरीरं. लोकर दाबून, सुईने टोचून, थोडी कातून, भिंतीवर टांगता येतील असे फलक मी करते. पहिल्या कामात डोळा शिकतो, दुसऱ्यात हात. दोघांचं नेहमी पटतंच असं नाही. डोळ्याला जी मेंढी गोल दिसते ती हाताला हाडकुळी लागते. डोळ्याला जी काळी दिसते तिच्या लोकरीत हाताला चार रंग सापडतात. खरं काम तिथेच सुरू होतं.

मेंढ्या काढणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हेन्री मूर भेटतोच. १९७२ साली फ्लॉरेन्सच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्याची शिल्पं बांधून पाठवायची धांदल चालली होती. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर परगण्यातल्या त्याच्या घराभोवतीच्या स्टुडिओंमध्ये शांतपणे काम होईना. तेव्हा तो एका लहान खोलीत जाऊन बसला. खिडकीबाहेर कुरणात मेंढ्या चरत होत्या. जगभर गाजलेला, सत्तरीतला हा शिल्पकार बॉलपेन घेऊन त्या मेंढ्या काढू लागला. सुरुवातीला त्याला चार पाय आणि डोकं असलेले लोकरीचे बेढब गोळे दिसले. मग हळूहळू त्या लोकरीखाली प्रत्येकीचं वेगळं शरीर आणि वेगळा स्वभाव दिसू लागला. खिडकीच्या काचेवर टकटक केली की मेंढ्या थांबून त्याच्याकडे बघत, आणि तेवढ्यात तो काढून घेई. माझ्याकडे काच नाही, गोठ्याचं पत्र्याचं दार आहे. त्यावर पेनाचं टोपण वाजवलं की तोच परिणाम होतो.

बॉलपेनचा आग्रह मी मूरकडूनच घेतला. ते पेन कोळशासारखं पसरत नाही, पेन्सिलीसारखं खोडता येत नाही. छाया हवी तर रेघांवर रेघा घालत जावं लागतं. दख्खनी लोकरीचा गुंता दाखवायला ह्याहून चांगलं साधन नाही. वेळ दुपारची बरी. सकाळी मेंढरं चरण्याच्या नादात असतात, मान खाली, एका जागी पाय ठरत नाही. उन्हं चढली की ती सावलीला येतात, पुढचे गुडघे आधी टेकतात, मग मागचा भाग खाली घेतात आणि रवंथ सुरू होतो. उठताना उलटं : आधी मागचे पाय, मग पुढचे. हा क्रम माहीत नसेल तर बसणारी मेंढी काढताना हमखास पडणारी मेंढी तयार होते. रवंथ करताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो, क्षणभर तोंड वाकडं होतं. तो क्षण मला फार आवडतो. मेंढी तेव्हा आपल्याच कामात असते, माझ्याकडे तिचं लक्ष नसतं.

डोळ्याबद्दल मात्र सावध राहावं लागतं. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, चौकोनाकडे झुकणारी. माणसाच्या डोळ्याच्या सवयीने गोल बाहुली काढली की मेंढीचा लगेच खेळण्यातला प्राणी होतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ह्या आडव्या बाहुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चरणाऱ्या जनावराला दोन्ही बाजूंचं लांबवरचं क्षितिज दिसत राहावं, वरून येणारं ऊन कमी लागावं, यासाठी ही रचना उपयोगी पडते. त्यांना आढळलेली आणखी एक गोष्ट माझ्या कामाची होती. मेंढी मान खाली घालते तेव्हा तिचे डोळे खोबणीत फिरतात, पन्नास अंश किंवा त्याहूनही जास्त, आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. तेव्हापासून चरणारी मेंढी काढताना मी आधी जमिनीची रेघ मारते, तिला समांतर बाहुली मांडते आणि मग भोवती डोकं उभं करते. वहीतली मेंढी त्यामुळे खरोखर काहीतरी बघत असल्यासारखी वाटते.

आपल्याला सगळी मेंढरं सारखी दिसतात हा आपल्या नजरेचा आळस. त्यांना तशी ती दिसत नाहीत. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांना दुसऱ्या मेंढ्यांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. मेंढी पन्नास चेहरे ओळखू शकते आणि दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवते, असा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. आमच्या शेजारच्या मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. अंधारात नुसत्या खोकण्यावरून ते मेंढी ओळखतात. माझी वही मात्र त्यांनी बराच वेळ चाळली. शेवटी म्हणाले, ‘‘तोंड ब्येस काढलंस गं सूनबाई, पर दात कुठं हायती? दात बघितल्याबिगर वय कसं कळायचं, आन् वय न कळता मोल कसं करायचं?’’

ही समीक्षा मला पटली. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खाली आठ. दुधाचे दात पडून मोठे दात जोडीजोडीने येतात : साधारण दीड वर्षाच्या आसपास दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास तोंड पूर्ण होतं. म्हातारपणी ते झिजतात, फटी पडतात, एखादा गळतो. मामांनी एकेकीचा ओठ अंगठ्याने खाली ओढून धरायचा आणि मी काढायचं, असा आमचा उद्योग काही काळ चालला. त्या पानांना कुणी सुंदर म्हणणार नाही. पण मेंढपाळ आपल्या जनावरात काय वाचतो, त्याची ती पानं आहेत. आता माझ्या प्रत्येक रेखाटनाखाली नाव आणि तारखेबरोबर दातही लिहिलेले असतात.

रेखाटनाला आणखी एक शिस्त लावते ती कातरणी. वर्षातून दोनदा लोकर उतरते. पाय बांधून मेंढीला कुशीवर निजवतात आणि हाताच्या कातरीने पोटाकडून पाठीकडे लोकर सोडवत नेतात. कसबी कातरकऱ्याच्या हातून ती बरीचशी सलग निघते. मी कातरणीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला काढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच बाजूने. पहिल्या पानावर असते तिचा आकार व्यापणारी लोकर. दुसऱ्यावर बरगड्या, खांद्याचं हाड, कमरेची खोबण, पोटाचा घेर. दोन्ही पानं शेजारी ठेवल्याशिवाय लोकरीचं काम मी सुरू करत नाही. आतलं हाड ठाऊक नसेल तर वरची लोकर कुठे फुगवायची आणि कुठे दाबायची हे हाताला कळत नाही.

कातरलेली लोकर अंगणात गोणपाटावर पसरायची आणि निवडायची. खांद्यावरची सर्वात बरी. कुशीची तिच्याखालोखाल. पाठीवरची उन्हाने आणि धुळीने रापलेली. मागच्या पायांजवळची जाड, राठ, लेंड्यांनी आणि कुसळांनी भरलेली. कोकराची पहिली लोकर सर्वात मऊ, तिला जावळ म्हणतात. जावळाच्या घोंगडीला पूर्वीपासून मान आहे. सासूबाई हे सगळं डोळे मिटून करतात. चिमूट घेतली, बोटांत चोळली, ढीग ठरला. प्रत्येक मेंढीची लोकर वेगळ्या पिशवीत भरून वर नाव लिहायचं, एवढी भर मी घातली. त्यांना सुरुवातीला हे खूळ वाटलं. घोंगडीला लागते दोन-तीन किलो लोकर, आणि दख्खनी मेंढी वर्षाला किलोभरही देत नाही. घोंगडी नेहमीच अनेक मेंढ्यांची मिळून होते. तिथे नावाला काय अर्थ? माझ्या फलकाला मात्र थोडीच लोकर पुरते, आणि चंद्रीचं डोकं चंद्रीच्याच लोकरीचं असावं हा माझा हट्ट आहे.

त्या हट्टाला कारण आहे. लोकरीत त्या जनावराचं मागचं सहामाही आयुष्य साठलेलं असतं. काळ्या मेंढीची एक बट उजेडात धरून बघा. टोक तांबूस असतं, कारण ते सर्वांत जास्त काळ उन्हात राहिलेलं आहे. मुळाशी केस काळाभोर. वय वाढलेल्या जनावरात मधूनमधून पांढरा तंतू दिसू लागतो. आता तीच बट दोन्ही टोकांना घट्ट धरून कानाजवळ ताणा. निरोगी लोकर ताण सोसते. ताप येऊन गेला असेल, उपासमार झाली असेल, तर त्या काळात वाढलेला भाग बारीक राहतो आणि बट तिथेच बारीक करकर करत तुटते. २०१८-१९च्या दुष्काळातली थोडी लोकर मी राखून ठेवली होती. तिचं जे डोकं केलं त्याच्या पृष्ठभागाला सफाई नाही, जागोजाग तंतू तुटून वर आले आहेत. मुद्दाम वेगळी युक्ती करून हा परिणाम साधता आला असता. पण इथे तो साधावा लागलाच नाही, त्या वर्षानेच तो आणून दिला.

लोकर धुऊन, वाळवून, पिंजून झाली की दाबायची. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, टोकाच्या दिशेने एकावर एक रचलेले. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. गरम पाणी, साबण आणि रगडणं ह्या तिघांनी तंतू सरकत सरकत एकमेकांत घुसतात, आणि मग परत फिरायची वाट बंद होते. न विणलेलं, न शिवलेलं कापड तयार होतं. काश्मीरचा नमदा असाच होतो, आणि आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातलं जेनही. लोकरीचे थर पसरायचे, पाणी मारायचं, गुंडाळायचं, पायांनी मळत राहायचं, उलगडून पुन्हा उलट दिशेने गुंडाळायचं. अंगमेहनतीचं काम आहे आणि त्यात घाई चालत नाही.

दख्खनी लोकर ह्या कामात सरळपणे हाती लागत नाही. मरिनो मेंढीचा तंतू साधारण वीस मायक्रॉन जाडीचा, कुरळा, एकसारखा. दख्खनीचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जाड, आणि एकसारखा तर मुळीच नाही. खाली मऊ लोकर, वर जाड सरळ केस, त्यांतले कित्येक आतून पोकळ. मऊ तंतू पटकन गुंततात, जाड केस गुंतायला तयार नसतात आणि बाहेर डोकावत राहतात. हौशी कलाकार दुकानातून रंगीत मरिनो आणून गुबगुबीत, गुळगुळीत मेंढ्या करतात. त्या छान दिसतात. पण माणदेशाच्या माळावर तसलं जनावर नाही. माझी लोकर मला गोंडस होऊ देत नाही. बाहेर आलेले केस कापायचे नाहीत असं मी ठरवलं, आणि पाठीचा पोत आपोआप साधला : ऊन पडलं की त्या केसांच्या टोकांवर तांबूस झाक येते, जशी जिवंत मेंढीवर येते.

बारीक काम सुईने. दाते असलेली ही तिकोनी सुई मुळात नमदा बनवणाऱ्या यंत्रांतली. ती टोचली की दाते तंतूंना आत ओढून नेतात, पाणी-साबण लागत नाही. नाकाचा फुगवटा, पापणीची कड, कानाची पाळी तिनेच होते. डोळा करताना काच किंवा मणी मी वापरत नाही. फिक्या तपकिरी लोकरीचा तळ आणि त्यावर काळ्याची आडवी पट्टी, बस्स. नाकाची रेघ मात्र टोचून येत नाही. तिथे सूत लागतं. सासूबाई चरख्यावर त्याच मेंढीच्या खांद्याच्या लोकरीचं चांगला पीळ दिलेलं सूत काढून देतात. ते फलकावर ठेवून, वही समोर धरून, बोटाने सरकवत सरकवत रेघ शोधायची आणि सापडली की टाचायची. वहीतल्या शाईचं काम इथे सूत करतं, आणि आडव्या-उभ्या रेघांनी भरलेल्या छायेचं काम दाबलेली लोकर. हे जमू लागलं तेव्हा रेखाटन आणि लोकरकाम ही माझी दोन वेगळी कामं उरली नाहीत.

मेंढरं राखणाऱ्यांनी लोकरीतून जनावरं घडवणं ही काही माझी शोधलेली वाट नाही. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या बर्फाने गोठलेल्या थडग्यांत नमद्याचे हंस सापडले. ते दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे आहेत आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. भटक्या पशुपालकांनी आपल्या कळपाच्या लोकरीतून, आत भराव घालून, मान वळवलेला पक्षी केला. आपल्याकडे ओल आणि कसर ह्यांच्यापुढे इतकी जुनी लोकर टिकायची नाही. माझे फलकही वर्षातून दोन-तीनदा कडक उन्हात टाकावे लागतात आणि मागे कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा लागतो.

माणदेशाच्या मेंढपाळांना मराठी वाचकांसमोर आणलं ते व्यंकटेश माडगूळकरांनी. ‘बनगरवाडी’ १९५५ची. ते स्वतः उत्तम रेखाटनं करत, हे मला चित्रकार म्हणून महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या गद्यातही रेघ आधी येते आणि रंग मागून. त्या काळातल्या मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी होती. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, ओझं बांधायची खोळ, सगळं तीच. धनगरांच्या बायकांनी सूत कातायचं, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ लावून ताणा कडक करायचा. ही साखळी आता बऱ्याच ठिकाणी तुटली आहे. यंत्रावरच्या ब्लँकेटी स्वस्त झाल्या, घोंगडी देवाच्या कार्यापुरती आणि शहरातल्या हौशीपुरती उरली. लोकरीचं मोल इतकं उतरलं की अनेकदा कातरणीची मजुरीही त्यातून निघत नाही. कातरायचं ते मेंढराला उन्हाळा सोसावा म्हणून, आणि लोकर बांधावर टाकायची.

मेंढी सुधारण्याचे प्रयत्नही झाले. मरिनो आणि रॅम्बुलेसारख्या विलायती जातींशी संकर करून लोकर मऊ करण्याचा एक मार्ग होता. मेंढपाळाचं पोट मात्र लोकरीवर नव्हतं, कोकरांवर होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते ओळखलं आणि बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळं होण्याचा गुण दख्खनीत आणला. ती ‘नारी सुवर्णा’. आमच्याकडे तिच्या वंशाची एक आहे, आणि जुळी कोकरं एकमेकांवर मान टाकून झोपलेली काढण्याचं सुख तिच्यामुळे मिळालं. पण हिशेबातून लोकर गेली ती गेलीच. अलीकडे तिच्याकडे पुन्हा थोडं लक्ष जातंय. सुरेश एरियत यांनी दख्खनी लोकरच वापरून केलेल्या ‘देसी ऊन’ ह्या ऍनिमेशनपटाला २०२५ साली फ्रान्समधल्या आनसीच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. बांधावर फेकली जाणारी लोकर पडद्यावर मेंढरं होऊन चालली.

कोकरांचा विषय निघालाच आहे तर तोही टाळू नये. घरच्या जनावरांची चित्रं म्हटलं की लोकांना जिव्हाळ्याचं एक गोड चित्र दिसतं. आमच्या घरात जिव्हाळा आहे, आणि आटपाडीचा बाजारही आहे. मादी कोकरं बहुतेक राहतात, नर कोकरं विकली जातात, आणि ती कशासाठी विकत घेतली जातात हे सर्वांना ठाऊक असतं. त्यावर शेतीचा वर्षाचा खर्च निघतो. एका पाहुण्या बाईंनी मला विचारलं होतं, ज्यांची चित्रं काढता त्यांना विकवतं कसं? माझं उत्तर असं, की विकलं जाणार म्हणूनच आधी काढते. नर कोकरू जन्मलं की त्याच आठवड्यात वहीत येतं, मग महिन्यामहिन्याने. रोझा बाँरसारखी फ्रेंच चित्रकर्ती जनावरांचं शरीर समजून घ्यायला घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यातही जात होती. पुढे फॉन्तेनब्लोजवळच्या आपल्या वाड्यात तिने मोठा प्राणिसंग्रह बाळगला. प्रेम आणि व्यवहार एकाच नजरेत बसवणं तिला जमलं होतं. पशुपालकाला ते रोजच जमवावं लागतं. कलाकार झाल्यामुळे त्यातून सुटका होत नाही. विकलेल्या कोकरांच्या लोकरीचे फलक मी करत नाही. त्यांची फक्त रेखाटनं आहेत. एवढी एक रेघ मी आखून घेतली आहे, आणि तिचं समर्थन मला कुणापुढे करावंसं वाटत नाही.

ह्या कामाने दख्खनी लोकरीचा भाव वाढेल असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्षभराच्या फलकांना लागते ती लोकर एका वाड्याच्या कातरणीच्या तुलनेत चिमूटभर आहे. कलेने मेंढपाळाचा प्रश्न सुटत नाही. त्याला चराई लागते, पाणी लागतं, लोकर घेणारा गिऱ्हाईक लागतो. पण ‘निरुपयोगी’ हा शिक्का मारण्याआधी वस्तू नीट हाताळावी, एवढं तरी हे काम सांगू शकतं. दख्खनी लोकर गळ्याशी टोचते हे खरं; म्हणून तिचा मफलर करू नये. जाडपणा, राठपणा, बाहेर येणारे केस, उन्हाने बदलणारा रंग, दुष्काळाने तुटणारी बट, हे सगळं अंगाला लागलं तर खुपतं. भिंतीवर आलं तर तेच तिचं म्हणणं ठरतं.

गावातल्या मुली आता कधीमधी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या घरी शेळ्या आहेत, म्हशी आहेत, कुणाकडे खिलारी खोंड. लोकर सगळ्यांकडे नाही, पण पाहण्यासारखं जनावर प्रत्येकीच्या दावणीला आहे. त्यांना मी सुई नंतर देते, आधी दहा रुपयांचं पेन आणि शाळेची उरलेली वही. छायाचित्रावरून काढायचं नाही. जनावर हललं तर हलू द्यायचं, अर्धी रेघ तशीच सोडून शेजारी दुसरी सुरू करायची. पानभर अर्धवट नाकं झाली तरी चालतील. प्रत्येक पानाखाली नाव लिहायचं, तारीख लिहायची, दात लिहायचे. चित्र जमो न जमो, तेवढी नोंद त्या दिवशी झालेली असते. आणि मामा आले की वही दडवायची नाही, त्यांच्या हातात द्यायची.